मचव्याच्या मॉडेलला कोणतं व्हार्निश लावावं? (नारळी पौर्णिमेला पाण्यात सोडायचा आहे)

पागोळी
नमस्कार मंडळी,
गेली दोन वर्षं मी आणि बाबा मिळून एक मचवा बांधतोय. लांबी ८४ सेंमी, म्हणजे खऱ्याच्या एक बारांश. आजोबा देवगडला तांडेल (मचव्यावरचे प्रमुख) होते. त्यांच्या मचव्याचा एकही फोटो घरात नाही. बाबांनी (वय ७८) आठवणीतून भिंतीवर खडूने आकृती काढली, तिच्यावरून प्लायच्या बरगड्या कापल्या आणि वर ३ मिमीच्या सागवानी पट्ट्या बसवल्या. आत छोटी मोटर आणि सुकाणूला रिमोट आहे. डोलकाठी, शीड सगळं तयार आहे.

आता अडलंय ते व्हार्निशवर. ओळखीचे सुतार म्हणतात मेलामाइन मारा, आरशासारखं दिसेल. रंगाच्या दुकानात म्हणाले, लाकडाचं कुठलंही क्लिअर न्या, सगळं सारखंच. मला सगळं सारखंच वाटत नाही, म्हणून इथे विचारतेय. पाण्याच्या रेषेच्या वर लाकूड लाकडासारखं दिसायला हवं, खाली पांढरा रंग द्यायचा आहे. माझ्याकडे स्प्रे गन नाही, ब्रशनेच काम करायचंय. आणि बाबांच्या मनात आहे की नारळी पौर्णिमेला तो पाण्यात उतरावा. हातात सहा आठवडे आहेत. आम्ही कोल्हापुरात असतो, बाहेर पाऊस धो धो.

सुतारपक्षी
सुंदर काम हाती घेतलंय. फोटो टाका.
मेलामाइन नको. माझं रोजचं काम फर्निचरचं आहे, आठवड्यातून चार दिवस मी तेच मारतो, म्हणून ठामपणे सांगतो. ते कडक होतं आणि कडक राहतं. घरातल्या कपाटाला ते शोभतं कारण कपाट पाण्यात पोहत नाही. होडीचं लाकूड भिजलं की फुगणार, उन्हात आकसणार. वरची काच त्याच्याबरोबर हलली नाही तर तडकते, आणि तडकली की पाणी आत शिरतं. त्यात ते ब्रशने नीट बसत नाही. पीयू (पॉलियुरेथेन) घ्या.

मीठभाकर
आधी हे सांगा की मॉडेल जास्त वेळ कुठे असणार? काचेच्या पेटीत, तळ्यात की खाडीत? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

तांबडी_माती
आमच्या आज्याच्या होडयेक मुशीचा (लहान शार्क माशाचा) तेल लायत. पावसाक होडी वर ओढली काय तेल. घाण मरणाची, पण लाकूड दगडासारखा ऱ्हवा!
काही ठिकाणी काजूच्या टरफलाचं तेलही लावतात, होडीला आणि जाळ्यालाही. लाकूड काळपट होतं पण कीड जवळ येत नाही.

वाटाण्याची_उसळ
मुशीचं तेल लावलेला मचवा दिवाणखान्यात ठेवल्यावर शेजारच्या मांजरी मुक्कामाला येतील. :)

पागोळी
मीठभाकर, वर्षातले बहुतेक दिवस घरात, महिन्या-दोन महिन्यांनी तळ्यात, आणि एकदा तरी देवगडच्या खाडीत. ती एक खेप बाबांसाठी.
तांबडी_माती, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. मुशीच्या तेलाचा वास त्यांना अजून आठवतो. म्हणाले, शाळेतून घरी येताना वासावरूनच कळायचं की आज होडीला तेल लागलंय.

रंगशाळा
मी २२ वर्षं रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होतो. थोडं सविस्तर लिहितो.

तेलाचं व्हार्निश म्हणजे सुकणारं तेल आणि राळ एकत्र शिजवून केलेलं मिश्रण. तेल जास्त असेल तर थर लवचिक होतो आणि उशिरा सुकतो. राळ जास्त असेल तर लवकर सुकतो, चकाकतो आणि ठिसूळ होतो. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी जे व्हार्निश करतात त्यात मुद्दाम तेल जास्त ठेवतात, कारण डोलकाठी वाऱ्यात सतत वाकते. शिवाय चांगल्या प्रतीच्या डब्यात अतिनील किरण शोषणारं द्रव्य असतं. दुकानात ‘मरीन’ किंवा ‘स्पार’ असं विचारा. पिवळसर झाक येते, सागाला ती खुलते.

सुतारपक्षींनी पीयू सांगितलं ते बरोबर, पण पीयू तीन तऱ्हेचं येतं. एका डब्यातलं तेलाधारित, ते तुम्हाला चालेल. पाण्यावरचं, ते पिवळं पडत नाही पण सागाचा रंग त्याखाली फिका आणि कोरडा दिसतो. तिसरं दोन डब्यांचं, सगळ्यात टणक, मॉडेलच्या छोट्या इंजिनांतल्या मेथॅनॉल इंधनालाही दाद देत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. स्प्रे करताना ते फुप्फुसात गेलं तर दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाही. घरात वडील आहेत, तर ते नकोच.

आणि पावसाळ्यात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरच्या वाटेला जाऊ नका. त्यातला थिनर इतक्या झपाट्याने उडतो की पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधासारखा पांढरा होतो.

इपॉक्सी_पांडू
एवढं सगळं वाचलं, पण मुख्य गोष्ट कोणी बोललंच नाही. पाणी अडवायचं तर इपॉक्सी (हार्डनर मिसळून घट्ट होणारी राळ)! व्हार्निश पाण्याचा वेग कमी करतं, इपॉक्सी पाण्याला दारातच थांबवतं. माझ्या तिन्ही बोटींवर २५ ग्रॅमी (चौरस मीटरला २५ ग्रॅम) काचकापड आणि इपॉक्सी आहे. कापड भिजलं की दिसेनासं होतं, खालचं लाकूड लख्ख दिसतं. एक बोट सात वर्षांची आहे, दोनदा दगडावर आपटलीय, अजून कोरडी.

जुनी_वखार
पांडूशेठ, तुमच्या बोटी टिकतील यात शंका नाही. पण सागावर काचकापड म्हणजे पैठणीवर प्लास्टिकचं कव्हर. हात लावला की लाकूड लागलं पाहिजे.
माझं मत लाखेला. चपडी (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये विरघळवा, मलमलीच्या बोळ्याने वीस-पंचवीस हात द्या, मग बघा. सावंतवाडीची खेळणी आणि गंजिफा शतकानुशतकं लाखेवर उभ्या आहेत. चितारआळीत फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घासण्याच्या उष्णतेनेच ती वितळून बसते, आणि मग केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. ते काम तासभर उभं राहून पाहिलंय मी. असा जिवंत रंग डब्यातून येत नाही.

सुतारपक्षी
वखारवाले, लाखेवर माझंही प्रेम आहे, पण गंजिफा कोणी तळ्यात सोडत नाही. लाखेवर ओला पेला ठेवला तर अर्ध्या तासात पांढरं वर्तुळ उमटतं.

रंगशाळा
दोघांचंही बरोबर आहे, जागा वेगळ्या आहेत. काचपेटीतल्या मॉडेलला लाख उत्तम, कारण पन्नास वर्षांनी कोणाला दुरुस्ती करायची झाली तर स्पिरिटने ती सोडवता येते. पाण्यावरच्या मॉडेलला ती वरचा थर म्हणून नको. पण मेण काढलेली लाख मधला थर म्हणून फार कामाची आहे. खालचा आणि वरचा रंग एकमेकांशी जुळत नसतील तर मध्ये लाखेचा एक पातळ हात दोघांना शांत ठेवतो.

इपॉक्सीबद्दल: पाणी अडवण्यात ती सरस, हे मान्य. पण उघडी इपॉक्सी उन्हात पिवळी पडते आणि पुढे तिची पावडर सुटते. तिच्यावर अतिनील रोधक व्हार्निश लागतंच. दमट हवेत तिच्यावर रात्रीतून मेणचट थर येतो. तो साध्या पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुतल्याशिवाय पॉलिश पेपर लावला तर तो थर आत रगडला जातो आणि वरचं व्हार्निश सोलून निघतं. आणि लवकर सुकावी म्हणून हार्डनर जास्त घालू नका. प्रमाण चुकलं की ती कायमची चिकट राहते. वजनकाट्यावर मोजा.

उत्तरसमुद्र
मी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहतो. इथून हार्टलपूल जवळ आहे आणि तिथे ‘ट्रिंकोमाली’ नांगरलेली आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली बांधलेली सागवानी युद्धनौका, अजून पाण्यावर. पहिल्यांदा तिच्या डेकवर उभा राहिलो तेव्हा घरची आठवण येऊन गळा दाटला होता. दोनशे वर्षं पाण्यात राहिलेला मुंबईचा साग!

पण तोच साग व्हार्निशवाल्याला छळतो. त्याच्या अंगात तेल असतं. त्या तेलामुळे तो कुजत नाही आणि त्याच तेलामुळे व्हार्निश नीट धरत नाही, कधी कधी सुकतच नाही. उपाय सोपा आहे. व्हार्निश लावायच्या आधी पांढऱ्या सुती कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसा. कापड पिवळं-तपकिरी होईल. बदलत राहा, कापड जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत. मग थांबू नका, तासाभरात पहिला हात द्या, नाहीतर आतलं तेल पुन्हा वर येतं.

दुसरं, चकाकीचं. खऱ्या होडीवरची चकाकी एक बारांश मॉडेलवर तशीच आणली तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. इथल्या तळ्यावरचे जुने लोक शेवटचा हात सॅटिनचा (कमी चकाकीच्या व्हार्निशचा) देतात. मात्र फक्त शेवटचाच. सॅटिनमध्ये चकाकी मारणारी पूड असते, तिचे चार थर झाले की लाकडावर धुकं पडल्यासारखं दिसतं.

आडवाट
वाचनखूण साठवली. माझ्याकडे बोट नाही, पण आता हवीशी वाटायला लागलीय.

पहिला_पाऊस
पागोळीताई, माझी चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल.

चार वर्षांपूर्वी एक होडी केली, साधारण तुमच्याएवढी. बाहेरून सहा हात व्हार्निश. प्रत्येक हात ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासून, धूळ पुसून. दृष्ट लागावी अशी झाली होती. तिसऱ्यांदा तळ्यावरून आणली आणि दोन दिवसांनी पाहतो तर तळाच्या कण्याजवळ, डाव्या बाजूला, हरभऱ्याएवढा फोड. बोटाने दाबला तर मऊ. दुसऱ्या दिवशी तिथेच अजून तीन. मी व्हार्निशला शिव्या घातल्या, खरवडलं, पुन्हा लावलं, पुन्हा फोड.

कारण आत होतं. मोटरच्या दांड्याच्या नळीतून थेंब थेंब पाणी आत येत होतं आणि आतलं लाकूड उघडं होतं. ते पाणी पिऊन लाकूड भिजलं, उन्हात तापलं, वाफ बाहेर पडायला निघाली आणि बाहेरच्या सहा थरांनी तिला अडवलं. म्हणजे फोड आतून आले होते.

आतून काय लावलंय तुम्ही?

पागोळी
काहीच नाही. :(
डेक चिकटवून झालाय. फक्त मध्ये बॅटरी ठेवायला हाताच्या पंजाएवढं झाकण आहे. आता काय करू? डेक उचकटायचा म्हटलं तर बाबांना सांगायची माझी हिंमत होणार नाही.

इपॉक्सी_पांडू
उचकटू नका!! तेलाधारित पीयू टर्पेंटाईनमध्ये निम्मं-निम्मं पातळ करा, पाव वाटी झाकणातून ओता आणि होडी हातात घेऊन सगळ्या बाजूंनी हळूहळू कलंडवा, तान्ह्या बाळाला आंघोळ घालताना फिरवतात तशी. बरगड्यांच्या कोपऱ्यांत सगळीकडे जाऊ दे. मग उलटी करून उरलेलं बाहेर काढा. दोन दिवसांनी पुन्हा एकदा. त्याआधी मोटर आणि रिमोटचं सामान काढून ठेवा, आणि दांड्याच्या नळीची दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करा.
(आत मी इपॉक्सी सुचवत नाहीये, याची वखारवाल्यांनी नोंद घ्यावी. :))

जुनी_वखार
नोंद घेतली. पेढे द्या.

रंगशाळा
पांडूंची युक्ती चांगली आहे. दोन गोष्टी जोडतो. बंद पोकळीत टर्पेंटाईनची वाफ साचते आणि हवा खेळली नाही तर आतला थर महिनाभर चिकट राहतो. झाकण उघडं ठेवा, दिवसातून दोनदा जुन्या सायकल पंपाने आत हवा मारा. आणि आतला वास पूर्ण जाईपर्यंत मोटर जोडू नका, पेट घ्यायला तिची एक ठिणगी पुरे.

आडव्या कापाची टोकंही विसरू नका. पट्टीच्या टोकाला लाकूड स्ट्रॉसारखं पाणी ओढतं. तिथे पातळ व्हार्निश पिऊ द्या, पिणं थांबेपर्यंत.

मीठभाकर
जवसाच्या तेलाचा सल्ला कोणी देईल त्याआधी लिहून ठेवतो. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. हे व्हार्निशच्या फडक्यालाही लागू आहे. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर मोकळं पसरून वाळवा.

तांबडी_माती
काजूच्या तेलाबद्दल मीही सांगून ठेवतो, कोणी हौसेने करायला जाईल. हातमोज्यांशिवाय हात लावू नका. कातडी भाजते, आठवडाभर सालं निघतात.
बाकी या धाग्यावरून आठवलं, गोव्यात बांधलेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं ‘कौंडिण्य’ पाहिलं का कोणी? अजिंठ्याच्या चित्रावरून केलंय, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या, फटी राळेने बुजवलेल्या. पीयू नाही, काही नाही!

उत्तरसमुद्र
कौंडिण्यचं मॉडेल करायला घ्यायचं तर काथ्याची शिवण दाखवणं हेच मोठं काम. आणि त्या शिवणीवर व्हार्निश साचलं की सगळी मजा गेली. वेगळा धागा काढा, मी येतो.

पागोळी
मंडळी, दहा दिवसांनी येतेय.

तुमचं सगळं वाचून बाबा म्हणाले, आधी तुकड्यांवर करून बघ. उरलेल्या सागाच्या सहा पट्ट्या घेतल्या आणि अ‍ॅसिटोनने पुसल्या (कापड अगदी चहाच्या गाळणीसारखं झालं!). एकीला लाख, एकीला मेलामाइन, एकीला पाण्यावरचं पीयू, एकीला तेलाधारित पीयू, एकीला मरीन व्हार्निश, एकीला इपॉक्सीवर मरीन. दोन-दोन हात दिले. सुकल्यावर प्रत्येकीचं खालचं टोक मुद्दाम करवतीने कापून उघडं केलं, आणि पट्ट्या बादलीत अर्ध्या बुडवून ठेवल्या. पाण्यात मूठभर मीठ.

लाख संध्याकाळपर्यंत पांढरी. मेलामाइन चार दिवस देखणं होतं, पाचव्या दिवशी कापलेल्या टोकापासून नखाएवढा पापुद्रा उचलला गेला आणि तो ओढला तर फितीसारखा निघत गेला. पाण्यावरचं पीयू भिजल्यावर किंचित दुधाळ, बाहेर काढून वाळवल्यावर परत साफ. तेलाधारित पीयूला काही झालं नाही. मरीनलाही नाही. फक्त ते अजून मऊ आहे, नख दाबलं तर खूण उमटते. इपॉक्सीवालं जसंच्या तसं.

बाबांनी सहाही पट्ट्या हातात घेऊन, डोळे मिटून, अंगठा फिरवून पाहिल्या. मरीनच्या पट्टीवर अंगठा थांबला. म्हणाले, ही होडी आहे.

सुतारपक्षी
मग विषय संपला. मरीन लावा.
पहिला हात टर्पेंटाईनने निम्मा पातळ, दुसरा थोडा कमी पातळ, पुढचे डब्यातल्यासारखे. डबा हलवू नका, काडीने हळू ढवळा, नाहीतर बुडबुडे येतात. लागेल तेवढंच वाटीत काढा, मलमलीतून गाळून. खोलीत पंखा बंद, फरशीवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसते. या हवेत दोन हातांत दोन दिवस तरी ठेवा. पेपर घासल्यावर पांढरी पूड पडली तर सुकलंय. पेपरला गोळ्या चिकटल्या तर अजून थांबा.

रंगशाळा
+१. आणि खालच्या पांढऱ्या रंगावर व्हार्निश नेऊ नका, महिन्याभरात साजूक तुपाचा रंग येईल. आधी वरचं व्हार्निश पूर्ण करा, चांगलं कडक होऊ द्या, मग रेषेवर चिकटपट्टी लावून खाली पांढरा इनॅमल. पट्टी शेवटचा हात ओला असतानाच काढा, कड सुरीने कापल्यासारखी येते.
शेवटच्या हातानंतर दोन आठवडे पाण्यात घालू नका. तुमच्या दिवसांत ते बसतंय.

जुनी_वखार
डोलकाठीला तरी लाख लावा की हो. ती पाण्यात जात नाही.

पागोळी
वखारकाका, डोलकाठीला लाख लावली! त्याच्यावर मरीनचा एक पातळ हात, शिंतोड्यांसाठी. रंग मधासारखा आलाय.

पहिला_पाऊस
पौर्णिमा होऊन गेली. धागा वर काढतोय. पागोळीताई, काय झालं?

पागोळी
लिहायला उशीर झाला, माफ करा. आम्ही देवगडलाच गेलो होतो.

आत दोन वेळा पातळ पीयू फिरवलं, बाहेर मरीनचे चार हात, पाचवा सॅटिन. पाऊस सतत असल्यामुळे तिसरा हात सुकायला तीन दिवस लागले. तेवढे दिवस सायकल पंप बाबांच्या ताब्यात होता, सकाळ-संध्याकाळ ठरल्यावेळी हवा मारायचे.

खाडीच्या धक्क्यावर आधी सगळ्यांचे नारळ झाले. मग पायऱ्यांवर बसून बाबांनी स्वतःच्या हाताने मचवा पाण्यावर ठेवला. एक क्षण डावीकडे कलला, मग सरळ झाला. रिमोट मी त्यांच्याकडे दिला. पंधरा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत. शेजारी उभे असलेले एक म्हातारे नाखवा इतकंच म्हणाले, नाळ (होडीचं पुढचं टोक) बरोबर काढलीत.

घरी येऊन गोड्या पाण्याने धुतला, झाकण काढलं, आत कापसाचा बोळा फिरवला. जेमतेम चमचाभर पाणी निघालं, नळीतूनच आलेलं. तिथे ग्रीस भरते. फोड एकही नाही. उद्या उजेडात फोटो काढून टाकते.

आता बाबा विचारतायत, शिडाच्या कापडाला बुरशी येऊ नये म्हणून काय लावायचं?